शहापूर, मुरबाड की मोखाडा? इंटर्नशिपचे १२ आठवडे कुठे करावेत आणि पुढे काय?

ऐरोली_इंटर्न

नमस्कार मंडळी. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप चालू आहे. कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे जून ते ऑगस्टमध्ये येत आहेत आणि विभागाने पसंती मागितली आहे. कॉलेजचं स्वतःचं ग्रामीण केंद्र पनवेलच्या बाजूला आहे, तिथे घरून रोज जाता येईल. दुसरा पर्याय शहापूर तालुक्यातली पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), तिसरा मुरबाडची. विशेष परवानगी काढली तर मोखाडाही मिळू शकतं म्हणतात.

घरचे म्हणतात, रात्री घरी येता येईल तेच घे. बॅचमधले म्हणतात, सही करून परत यायचं आणि नीट-पीजीचा अभ्यास करायचा. मला पुढे ग्रामीण भागात काम करायचा विचार आहे, पण तिथे नक्की काय काम पडतं याची कल्पना नाही. जागा कशावरून निवडावी? जाण्याआधी कोणत्या गोष्टी हाताखालून गेलेल्या असाव्यात? आणि या वाटेवर नोकऱ्या कोणत्या आहेत? माझी एक मैत्रीण नेरुळला बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिलाही हेच विचारायचं आहे.

---

समुदायवैद्यक

आधी नियमाचं सांगतो, कारण बरेच जण तिथेच अडकतात. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२१ च्या नियमावलीत ५२ आठवड्यांपैकी १२ कम्युनिटी मेडिसिनला दिले आहेत. मेडिसिन आणि सर्जरीला प्रत्येकी ६, प्रसूती-स्त्रीरोगाला ७. म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा तुकडा हाच. रजा वर्षभरात मिळून १५ दिवस. त्यापुढे जितके दिवस बुडतील तितकी इंटर्नशिप लांबते आणि कायम नोंदणीही लांबते. "सही करून परत" करणाऱ्यांना हा हिशोब सहसा शेवटच्या महिन्यात कळतो.

दुसरा नियम सहीचा. मृत्यू दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, पोलीस केसचे कागद यातलं काहीही इंटर्नने स्वतःच्या सहीने द्यायचं नाही. लहान केंद्रात एमओ (वैद्यकीय अधिकारी) तालुक्याला मीटिंगला गेलेले असतात, बाहेर कोणीतरी कागद घेऊन उभं असतं आणि "डॉक्टर, एवढी एक सही" असा आग्रह होतो. एमओंना फोन लावायचा आणि थांबायचं. गावातली कितीही मोठी व्यक्ती असो.

आता जागा. नकाशावर किती लांब आहे यावरून निवडू नका. पसंती देण्याआधी त्या पीएचसीला दुपारी तीननंतर फोन करा (सकाळी ओपीडी असते, कोणी धड बोलणार नाही) आणि एवढं विचारा: महिन्याला डिलिव्हरी किती होतात आणि त्यातल्या रात्रीच्या किती? एमओंच्या मंजूर जागा भरलेल्या आहेत का? इंटर्नला राहायला क्वार्टर आहे का, त्याला आतून कडी, पाणी आणि चालू स्थितीतलं संडास आहे का? लसीकरणाची बाहेरची सत्रं कोणत्या वारी असतात आणि गाडी जाते का?

डिलिव्हरी जवळजवळ शून्य असतील तर ती पीएचसी कागदावर कितीही दुर्गम असो, तिथे जाऊन उपयोग कमी. दोनपैकी एकच एमओ असेल तर शिकायला भरपूर मिळेल, पण शिकवायला वेळ कोणालाच नसेल. एकही नसेल तर जाऊच नका. देखरेखीशिवाय इंटर्नने केंद्र चालवणं बेकायदा आहे आणि रुग्णाच्या जिवावरचं आहे.

रोज ये-जा करून केलेल्या पोस्टिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सकाळी नऊ ते दुपारी सर्दी-खोकला, खरूज, अंगदुखी, बीपी-शुगरच्या गोळ्या हेच दिसतं. साप चावलेला माणूस, अडलेली बाई, झटके येणारं मूल हे सगळं संध्याकाळनंतर येतं. पनवेलचं केंद्र वाईट नाही, पण घरून जाणार असाल तर ती ओपीडी पोस्टिंग आहे एवढं समजून घ्या.

---

खोडाळा_मार्गे

वरच्यांचं बरंचसं पटतं, पण एक भर. शहापूर तालुका मुंबई–नाशिक महामार्गाला आणि कसारा लोकलला लागून आहे. पैसे असलेला रुग्ण पीएचसी ओलांडून थेट कल्याण-ठाण्याला जातो. महामार्गाजवळच्या केंद्रांवर अपघात खूप, बाकी केसेस त्या मानाने कमी. डोळखांब किंवा किन्हवलीच्या बाजूला आत गेलात तर चित्र बदलतं. मुरबाडमध्येही तेच: मुरबाड गावाजवळची केंद्रं वेगळी, माळशेजच्या पायथ्याकडची वेगळी.

मोखाड्यात रुग्णाला दुसरा पर्यायच नसतो, म्हणून सगळं तुमच्याकडे येतं. तिथली रेफरलची साखळीही वेगळी आहे. मोखाडा ग्रामीण रुग्णालय, मग जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय, आणि त्यापुढे बऱ्याचदा ठाण्यापेक्षा त्र्यंबकमार्गे नाशिक जवळ पडतं. पावसाळ्यात दरड किंवा पाण्यामुळे एक बाजू बंद झाली की कुठल्या बाजूने पाठवायचं हा निर्णयही उपचाराइतकाच महत्त्वाचा होतो.

जून ते ऑगस्ट मिळालेत हे नशीब समजा. दिवाळीनंतर इथली कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबं वीटभट्ट्यांवर भिवंडी, कल्याण, वसईकडे जातात आणि पाडे निम्मे रिकामे होतात. पावसाळ्याआधी ती भाताच्या लावणीसाठी परततात. मुलं, गरोदर बाया, अर्धवट राहिलेले टीबीचे रुग्ण सगळे तेव्हाच गावात सापडतात. घरातलं धान्य संपत आलेलं असतं, हगवण-ताप सुरू होतो आणि कुपोषित मुलं नेमकी याच महिन्यांत घसरतात.

---

पीएचसी_क्वार्टर

"जाण्याआधी काय काय येत असावं" याचं उत्तर देतो. वॉर्डात बघून आणि पीएचसीत करून यात फरक एवढाच की तिथे भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी मागे नसते. म्हणून थोड्या गोष्टी, पण अगदी पक्क्या हव्यात. खालचं सगळं एमओंच्या देखरेखीखाली, हे वेगळं सांगायला नको.

साप. कोकणपट्टीत चारही येतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून येतो आणि अँटासिड घेऊन घरी जातो. पोटदुखी किंवा घसा जड वाटणं आणि पापण्या उघडत नसणं असं दिसलं तर चावल्याची गोष्ट कोणी सांगो न सांगो, साप डोक्यात ठेवा.

घोणस आणि फुरशासाठी २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. २ मिली ताजं शिरेतलं रक्त, स्वच्छ कोरड्या काचेच्या टेस्टट्यूबमध्ये, २० मिनिटं अजिबात न हलवता. मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर गोठलं नाही. चुकतं कुठे? ट्यूब प्लास्टिकची असते किंवा साबणाने धुतलेली असते. मग निरोगी माणसाचंही रक्त गोठत नाही आणि विनाकारण एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू होतं. शंका आली तर सोबत आलेल्या नातेवाइकाचं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये घेऊन तुलना करा. पहिल्या दिवशी "गोठलं" म्हणून सोडून देऊ नका, पहिले ३ तास दर तासाला आणि मग २४ तासांपर्यंत दर ६ तासांनी पुन्हा बघायची.

एएसव्ही लक्षणं असतील तरच. द्यायचं तर सुरुवात १० व्हायलने. पावडरची व्हायल १० मिली स्टराइल पाण्यात विरघळवायची, गोल फिरवायची, जोरात हलवायची नाही, नाहीतर फेस होतो आणि औषध फेसात राहतं. मग सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच व्हायल, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. फक्त सलाईनचं प्रमाण वजनाप्रमाणे कमी. त्वचेवर टेस्ट डोस करू नका, त्यातून काही कळत नाही. रिअॅक्शनची तयारी आधी: अॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून बाजूला. अंगावर गांध्या, धाप, बीपी पडणं यातलं काही दिसलं की एएसव्ही थांबवून मोठ्या माणसाला १:१००० चं ०.५ मिली मांडीच्या स्नायूत. सावरला की एएसव्ही पुन्हा हळू सुरू.

नाग असेल तर निओस्टिग्मिन अॅट्रोपिनसोबत देऊन फरक दिसतो. मण्यारीत सहसा दिसत नाही, कारण तिचं विष नसेच्या टोकावरच काम करतं. तिथे अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) चालवणारा हात हवा. सगळ्यात वाईट चूक म्हणजे "वर पाठवा" म्हणून एएसव्हीशिवाय १०८ मध्ये चढवणं. श्वास वाटेतच थांबतो. पहिला डोस सुरू करून, अँब्यू सोबत देऊन, चिठ्ठीवर चावल्याची वेळ, दिलेल्या व्हायल, गोठण्याच्या चाचणीची वेळ आणि निकाल लिहून पाठवा.

विंचू. लाल विंचवात वेदना बघून घाबरू नका, हातपाय बघा. घामाने थंडगार हातपाय, उलट्या, नाडी जोरात म्हणजे विष चढतंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या कामात प्राझोसिन रुळवलं आणि ते आता सगळीकडे वापरलं जातं. मुलांना किलोमागे ३० मायक्रोग्रॅम तोंडाने, हातपाय गरम होईपर्यंत दर ३ तासांनी. साधी गोळी वापरा, हळू विरघळणारी नाही. दिल्यावर मुलाला आडवंच ठेवा. आईने कडेवर घेऊन उभं केलं की बीपी पडतं.

झटके येणारी गरोदर बाई. मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस रेफर करण्याआधी: एकूण १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोल स्नायूत. ५० टक्क्यांची २ मिलीची अँप्यूल म्हणजे १ ग्रॅम, म्हणून प्रत्येक बाजूला ५ अँप्यूल, १० मिली. गडबडीत दोन गोष्टी चुकतात. अँप्यूलवरची टक्केवारी न वाचणं ही एक, आणि २ मिलीच्या सिरिंजने पाच-पाच वेळा टोचत बसणं ही दुसरी. १० मिलीची सिरिंज आणि २२ नंबरची सुई लेबर रूमच्या ट्रेमध्ये आहे का ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

ऑक्सिटोसिनबद्दल एवढंच. बाळ बाहेर आल्यावर लगेच १० युनिट स्नायूत. आणि ते फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत असतं. लेबर रूमच्या खिडकीत आठवडाभर पडलेली अँप्यूल वापरून "इंजेक्शन दिलं तरी रक्त थांबत नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

---

सीएचओ_वाडा

मी उपकेंद्रावरची सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. सगळे रात्रीच्या केसेसवर बोलत आहेत. पीएचसीचं निम्मं काम उपकेंद्रात आणि अंगणवाडीत होतं, ते इंटर्नना कोणी दाखवत नाही. इंटर्न मॅडमना माझं सांगणं: पहिले दोन आठवडे एमओंच्या खुर्चीशेजारी न बसता सिस्टरसोबत फिरा. लसीकरणाच्या सत्राला जा आणि टोचण्याआधी बॉक्स कसा भरतात ते बघा.

व्हॅक्सिन कॅरियरमध्ये ४ आइसपॅक बसतात. फ्रीझरमधून काढून लगेच भरले की पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी आणि टीडी गोठतात, आणि गोठलेली लस दिसायला ठीक असते पण काम करत नाही. पॅक बाहेर ठेवायचे, वरचं दव पुसायचं, कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मग भरायचे. पावसाळ्यात सकाळी घाईत हीच पायरी गाळली जाते. बीसीजी आणि एमआर पातळ केल्यावर ४ तासांत संपवायची, उरलेली फेकायची. "आणखी दोन मुलं येतायत" म्हणून दुपारी चारला तीच व्हायल वापरू नका. व्हायलवर पातळ केल्याची वेळ पेनने लिहा, म्हणजे वादच नको.

दंडाचा घेर ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांचा घ्यायचा. डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे सॅम (तीव्र कुपोषण), ११.५ ते १२.५ मॅम (मध्यम कुपोषण). पट्टी जरा आवळली की मूल सॅममध्ये जातं, सैल सोडली की सुटतं, म्हणून दोनदा घ्या. दोन्ही पायांवर अंगठ्याने ३ सेकंद दाबून खड्डा पडतो का बघा. सुजेचं मूल गुबगुबीत दिसतं, वजनही बरं येतं, आणि यादीतून नेमकं तेच निसटतं. उंची दोन वर्षांखाली झोपवून. रडतं म्हणून उभं मोजलंत तर ०.७ सेंमी मिळवा.

सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली की आईला "तुमच्या मुलाला आजार आहे" असं पटकन सांगू नका. ती चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, पुढची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी तपासणी) लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात आणि फार कमी हिमोग्लोबिनमध्ये ती चुकून निगेटिव्हही येते. पाड्यावर वाहकाची बातमी पसरली की पुढे लग्नाच्या बोलण्यात त्या मुलीला त्रास होतो, म्हणून निकाल एकट्यात सांगायचा.

आणखी एक नाजूक गोष्ट. १८ च्या आतली मुलगी गरोदर म्हणून येईल. लग्न झालंय, सासू सोबत आहे, आधारकार्डावर वय वेगळं आणि दिसायला वेगळं. वय रजिस्टरमध्ये बदलायचं नाही. पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली) कळवणं बंधनकारक आहे, ते एमओ करतील. तुम्ही उपचार थांबवायचे नाहीत आणि मुलीला ओरडायचं नाही. ओरडलात तर पुढची डिलिव्हरी घरी होईल.

आशाताईंना मान द्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही. यातल्या दोन-तीन भेटींना सोबत जा. बाळाचं वजन, अंगाचं तापमान, दूध ओढतं का, नाभीला पू आहे का हे त्या काय क्रमाने बघतात ते शिका. आता देशभर चाललेल्या या पद्धतीच्या मुळाशी गडचिरोलीतल्या 'सर्च'चं, डॉ. अभय आणि राणी बंग यांचं काम आहे, त्यामुळे तिला कमी लेखायचं कारण नाही.

---

ऐरोली_इंटर्न

बापरे, एवढं कोणी वर्गात सांगितलं नव्हतं. खूप आभार. मोखाडा आणि शहापूरमध्ये मी अजून अडकले आहे. आणि नोकरीचं कोणीच बोललं नाही. सीएचओ ताई, मैत्रीण विचारतेय की तुमचं पद नर्सिंगवाल्यांना मिळतं का, पगार किती?

---

समुदायवैद्यक

मोखाडा की शहापूर यावर: दोन्ही घ्या. १२ आठवडे शहापूरच्या आतल्या एखाद्या पीएचसीत राहून करा आणि इलेक्टिव्हच्या आठवड्यांतले काही जव्हार-मोखाड्याच्या रुग्णालयात मिळतात का ते विभागप्रमुखांना लेखी विचारा. तोंडी विचारलं की "बघू" मिळतं. अर्जात केंद्राचं नाव, तारखा, तिथले देखरेख करणारे डॉक्टर आणि राहण्याची सोय चारही लिहा, कारण अर्ज परत येतो तो यातलं एखादं नसल्यामुळेच. लॉगबुकवर सही कोण करणार हे जाण्याआधी ठरवून घ्या. पोस्टिंग संपल्यावर जुन्या एमओंची बदली झालेली असते.

---

सीएचओ_वाडा

नर्सिंगवाल्यांना मिळतं, हो. आयुर्वेदवाल्यांनाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी पद आहे, नेमणूक उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या नावाने आयुष्मान आरोग्य मंदिरात. त्यासाठी कम्युनिटी हेल्थचा ६ महिन्यांचा कोर्स असतो. काही बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमांत तो भाग आधीच जोडलेला आहे, म्हणून जाहिरातीतली अट शब्दन् शब्द वाचा. मानधन २५ हजार ठरलेलं आणि १५ हजारांपर्यंत कामावर आधारित.

तो दुसरा भाग समजून घ्या, सगळी नाराजी तिथेच होते. तो पोर्टलवरच्या नोंदींवर ठरतो: ३० वर्षांवरील किती जणांची बीपी-शुगर तपासली, किती ई-संजीवनी (ऑनलाइन डॉक्टरी सल्ला) कॉल झाले, किती गरोदर मातांची नोंद झाली. काम केलं आणि नेटवर्क नाही म्हणून एंट्री राहिली तर पैसे कापले जातात. रोजची एंट्री कागदावर ठेवून, रेंज असेल तिथे त्याच दिवशी भरायची सवय लागली तरच पूर्ण रक्कम हातात पडते. महिनाअखेरीला भरू म्हणणाऱ्यांची सर्व्हर बंद असताना रडारड होते.

मैत्रिणीला कायम नोकरी हवी असेल तर आरोग्य विभागाच्या अधिपरिचारिका पदाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवायला सांगा. तिथे वॉर्डाचं काम, पाड्यावरचं नाही. स्वभाव बघून ठरवावं.

---

फाईल_नंबर

डॉक्टरांसाठीची वाट थोडक्यात.

सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजातून शिकलेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे. खाजगीवाल्यांनी प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद काढून बघावा. बंधपत्राच्या नेमणुकीत पसंतीक्रम भरताना लोक फक्त ठाणे आणि रायगड भरतात, तिथल्या जागा आधीच संपतात आणि मग मिळेल तिथे जावं लागतं. पालघरची आदिवासी तालुक्यांतली केंद्रं स्वतःहून पसंतीत टाकली तर घरापासून चार-पाच तासांच्या आत राहता येतं.

कायम पद म्हणजे वैद्यकीय अधिकारी गट-अ, वेतनश्रेणी एस-२०, मूळ पगार ५६,१०० पासून. जाहिरात वर्षानुवर्षं येत नाही आणि आली की एकदम येते, म्हणून कायम नोंदणी, जातवैधता, अधिवास हे कागद आधीच तयार ठेवावेत. मुलाखतीला गेल्यावर वैधता काढायला धावणारे मागे पडतात. आदिवासी भागात पावसाळी भरारी पथकासाठी मानसेवी डॉक्टरही घेतात. काम कठीण आणि नोकरी कच्ची, पण पाडे बघायला याच्याइतकी चांगली जागा नाही.

पीजीबद्दल एक गोष्ट इंटर्नना माहीत नसते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० पासून एमबीबीएसनंतरचे दोन वर्षांचे डिप्लोमा सुरू केले: भूलशास्त्र, प्रसूती-स्त्रीरोग, बालरोग, फॅमिली मेडिसिन वगैरे. जिल्हा रुग्णालयांतही जागा असतात, प्रवेश नीट-पीजीतूनच. तालुक्याच्या रुग्णालयात सिझेरियन थांबतं ते बहुतेक वेळा भूल देणारा नसल्यामुळे. ग्रामीण भागातच राहायचं असेल तर माझ्या मते भूलशास्त्राचा डिप्लोमा हा सगळ्यात उपयोगी दोन वर्षांचा खर्च. एमडी-एमएसला गेलात तरी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेच लागतात.

संस्थांमध्ये जायचं असेल तर तीन ठिकाणं तीन वेगळ्या गोष्टी शिकवतात. जामखेड (१९७०, आरोळे दांपत्य) गावातल्या बायकांकडून आरोग्यसेवा कशी चालवायची ते, हेमलकसा (१९७३, आमटे) जंगलातलं रुग्णालय, आणि सर्च (१९८६) संशोधन. आठवडाभर बघून या, नुसत्या भारावून निर्णय घेऊ नका. तिथल्या डॉक्टरांना मुलांची शाळा आणि जोडीदाराची नोकरी कशी जमवली हे थेट विचारा. ग्रामीण नोकरी सोडण्याची कारणं पगारापेक्षा याच दोन गोष्टींत जास्त असतात.

---

कसारा_लोकल

प्रवासाचं मी सांगतो. ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाणे, तिथून कसारा लोकल. शहापूरसाठी आसनगाव उतरायचं, पुढे शेअर रिक्षा. आतल्या गावांना एसटी आणि जीप, पण जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि अंधार पडल्यावर मिळत नाही. रविवारी संध्याकाळी घरून निघणार असाल तर उजेड असताना आसनगावला पोचा. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून एसटी. मोखाड्याला कसाऱ्याहून खोडाळामार्गे.

बॅगेत: गमबूट, हेडटॉर्च (मोबाइलची टॉर्च धरून टाके घालता येत नाहीत), मच्छरदाणी, पॉवरबँक दोन, स्वतःचा बीपीचा पट्टा आणि पल्स ऑक्सिमीटर. लहान मुलांचा बीपी कफ न्याच, पीएचसीत हमखास नसतो. एमओ, १०८, ग्रामीण रुग्णालय, रक्तपेढी यांचे नंबर कागदावर लिहून खिशात. चिखलात शेतात फिरणार असाल तर लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिनचं एमओंना विचारा.

सुई टोचली तर: साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लगेच एमओंना सांगा. एचआयव्हीसाठीची औषधं शक्य तर २ तासांत, जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू, २८ दिवस. ती तुमच्या पीएचसीत आहेत की शहापूरला जावं लागेल हे पहिल्या दिवशी विचारून ठेवा. रात्री दोनला विचारायची गोष्ट नाही ती.

---

ऐरोली_इंटर्न

डोळखांबच्या बाजूच्या एका केंद्रात उद्या फोन करते. एक शेवटचं. माझे हिपॅटायटिस बीचे दोन डोस पहिल्या वर्षाला झाले, तिसरा राहिला तो राहिलाच. आता पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागतील का?

---

पीएचसी_क्वार्टर

नाही, कोर्स पुन्हा सुरू करायची गरज नाही. राहिलेला तिसरा याच आठवड्यात घ्या. दुसऱ्यापासून किमान ८ आठवडे आणि पहिल्यापासून १६ आठवडे झालेले असले की पुरे, तुमचे तर वर्षं झालीत. त्यानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी तपासा, १० च्या वर हवी. जूनमध्ये जायचंय, म्हणजे तपासणीची तारीख पोस्टिंगमध्येच येईल. आत्ताच लिहून ठेवा, रिपोर्टची एक प्रत फोनमध्ये आणि एक लॉगबुकच्या मागे. सुई टोचली की पहिला प्रश्न तोच विचारतात.